घरपट्टी आणि माझं किचन

डेल्फ्ट, गुरुवार संध्याकाळ

घरपट्टी जास्त लावली म्हणून माझ्या नवऱ्याने, नितीनने, तक्रार केली होती. आज खेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस घर बघायला आला. घराची किंमत कमी ठरावी म्हणून नितीन त्याला सगळं वाईटच दाखवत होता. भिंतीची ओल दाखवली, ठीक आहे. मग म्हणाला, "किचन तर अगदीच टाकाऊ." त्या किचनच्या टाइल्स मी बसवल्यात. अख्खी सुट्टी घालवून, व्हिडिओ बघून बघून.

"कोणी केलंय हे?" त्या माणसाने विचारलं. मी त्यालाच चहा देत होते.

नितीन म्हणाला, "आधीच्या मालकांनी."

नंतर मला म्हणतो, "अगं, टॅक्ससाठी बोललो." असेल. मग गेल्या रविवारी पाहुण्यांनी त्याच टाइल्सचं कौतुक केलं, तेव्हा "आम्ही दोघांनी बसवल्या" हे कशासाठी बोलला होता?