माहेरच्या नावाचा तांब्या

बाबा,

भावाची नात चौदाची झाली आणि महिनाभर खोलीतून बाहेर येत नाही. कानांवर उशी दाबून पडून असते, धड जेवत नाही, विचारलं तर "मी नसलेलीच बरी" म्हणते. घरचे म्हणतात, नाटकं आहेत. नाटकं! ऐकून माझ्या अंगाची आग झाली, आणि तुम्ही आठवलात.

मीही तेव्हा तिच्याच वयाची. सत्तर सालच्या सुमारास आपल्या गल्लीत असल्या दुखण्याला नाव नव्हतं. शाळेतला गलबला, फोडणीचा वास, नव्या झंपरची शिवण, सगळं अंगावर येई. बोलणं हळूहळू बंदच झालं. आपण या घराला नकोसे आहोत, हे मला अगदी पक्कं वाटत असे. तुम्हालाही आधी उमगलं नव्हतं. माणसांत मिसळली की खुलेल, म्हणून ऐन लग्नसराईत तुम्ही मला इतवारीतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानात आणून बसवलं. पितळेचा तो खणखणाट! मी गल्ल्यामागे घुसून भिंतीवर कपाळ आपटत राहिले. गिऱ्हाईक तसंच सोडून तुम्ही वाकलात, हात मात्र लावला नाहीत. "चाल वं, माळ्यावर जाऊ," एवढंच म्हणालात. तिथं भांड्यांवर नावं घालायची छिन्नी-हातोडी होती, ती माझ्यापुढे सरकवलीत. जगाचा आवाज मला सोसत नसे, माझ्या हातोडीचा सोसला, कारण ठोका कधी पडणार ते मला ठाऊक असे. मी रोज माळ्यावर बसू लागले, डबाही संपवू लागले.

मग एकदा आत्या घरी आली. "पोरीले बाहेरचं झालं गा. सावनेरले एक जाणता हाय, त्याच्याकडून उतरवून घे अन् उजवून टाक." मी दाराआड ऐकतेय. तुम्ही उठता. माझ्या लग्नासाठी घेऊन ठेवलेला तांब्या फडताळातून काढून माझ्या हातात देता. "उद्या याच्यावर तुहं नाव घाल. पूर्ण. माहं नाव लावून."

आत्या कपाळाला हात लावते. "लग्नाआधी पोरीच्या भांड्यावर माहेरचं नाव कोणी घालते का? सासरी कसा जाईन मंग तो?"

"नाही जाणार. तिचा तांब्या हाय. ती जिथं राहीन तिथं राहीन. तिले वाटलं तर इथंच."

दुःख काही त्यानं पळालं नाही. वाईट दिवस पुढेही आले, तेव्हा मी ते नाव बोटांनी चाचपत बसायची. पन्नाशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी मला 'स्वमग्न' हा शब्द सांगितला. तुम्ही शब्दावाचूनच निभावलंत.

आता माझं ठरलंय. उद्या त्या पोरीच्या खोलीत जाऊन गप्प बसणार. तिला डॉक्टरांकडे नेणारच, घरचे काही का म्हणेनात. पिशवीत एक कोरा तांब्या आणि तुमची छिन्नी-हातोडी टाकली आहे.

हे पत्र तुम्ही असता तरी तुम्हाला दिलं नसतं. तोंडावर बोलणं मला अजून जमत नाही. तेव्हाही नाव घालून झाल्यावर मी तो तांब्या पाण्यानं भरून तुमच्यापुढे नुसता ठेवला होता. तुम्ही प्यायलात आणि गिऱ्हाइकाकडे वळलात. मला जगायचंय, एवढंच सांगायचं होतं मला, बाबा.