चौकातल्या बोर्डावर माझा फोटो

बाई, परवा मंडळाने तुमच्या नावाने पुन्हा कार्यक्रम ठेवला होता. तुमच्या फोटोला हार घालायला मला बोलावलं होतं. मी गेले नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही जिवंत होतात तेव्हा माझी हिंमत झाली नाही, म्हणून आता बोलते.

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी सातवीत होते. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. लातूरहून माणसं यायची, ब्लँकेट वाटायची, फोटो काढून निघून जायची. तुमच्या मंडळातले लोक मात्र दर रविवारी एसटीने येत राहिले. तुम्ही धरून दोन-तीन शिक्षिका, एक किराणा दुकानदार, पोस्टातले एक साहेब. शिकवायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही मला म्हणालात, "पाढा विचारला तर माझ्या तोंडाकडं काय बघायलीस? तिथं लिहिलाय का?" सगळी पोरं हसली. पुढच्या रविवारी मी एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला, तो निव्वळ रागाने.

दहावीनंतर मावशीकडे लातूरला आले. तोवर गल्लोगल्ली क्लास झाले होते, आणि नांदेड-उदगीरपासून पोरं येऊन खोल्या करून राहत होती. आम्हाला क्लास परवडणारा नव्हता. आम्ही पाच जणी तुमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचो. मी बारावीला, बाकीच्या चौघी एक वर्ष मागे. तुम्ही भाकरी थापताना हृदयाचे कप्पे विचारायचात. उत्तर चुकलं की थापणं थांबायचं. तुम्ही नुसतं बघायचात, आणि ते मला छडीपेक्षा जास्त लागायचं.

मला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. राहण्या-जेवणाचा आणि पुस्तकांचा खर्च मंडळ करणार, हे ठरलेलं होतं. मंडळाचा नियम एकच होता, पैसे भरून क्लासला जाणाऱ्या मुलांना मदत नाही. निकालानंतर आठच दिवसांत एक क्लासवाले पेढे घेऊन तुमच्या घरी आले. या मुलीचा फोटो आमच्या बोर्डावर लावू द्या, म्हणाले, तुमच्या बाकीच्या चौघींना मी फुकट शिकवतो. तुम्ही होकार दिलात. चौकात बोर्ड लागला. माझ्या दोन वेण्या, आणि खाली 'आमची गुणवंत विद्यार्थिनी'. त्या क्लासची पायरीसुद्धा मी कधी चढले नव्हते.

मंडळाच्या अध्यक्षांचं कापडाचं दुकान त्याच चौकात. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. बैठकीत आप्पा बाबांना म्हणाले, "क्लासला भरायला पैसे हायेत, मग आमच्याकडं कशाला आलाव?"

बाबा हात जोडून उभे होते. "न्हाई हो आप्पा. लेक कवाच क्लासला गेली न्हाई. बाईंकडंच शिकलीय. इचारा की त्यांना."

सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. खरं बोललात तर बोर्ड उतरणार आणि चौघींच्या जागा जाणार, हे तुम्हाला कळत होतं. मलाही कळत होतं. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "मंडळ ठरवेल ते."

मंडळाने ठरवलं. मदत नाही, आणि मदतीशिवाय मेडिकल नाही. मी गावाजवळच्या कॉलेजात बीएस्सी केलं, आणि आज नांदेडला एका क्लासमध्येच जीवशास्त्र शिकवते. म्हणजे पोटाला त्याच धंद्याची भाकरी. तुमच्या चौघींपैकी एक देगलूरला डॉक्टर झाली. खरं काय ते मंडळाला फार उशिरा कळलं; एकीचा त्याग, चौघींचं भलं, असं आता भाषणात सांगतात. त्याग, बाई? त्याग माणूस आपल्या वस्तूचा करतो. तुम्ही माझी वस्तू उचलून दिलीत आणि पुण्य मात्र तुमच्या नावावर लागलं. मला तुमचा राग येतो. चौघींकडे बघून तो कमी होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही.

एवढं लिहून थांबायचं होतं. पण हे पत्र कुणी वाचणार नाही, तर निदान इथं तरी खोटं कशाला ठेवू?

क्लासवाले बाहेर बसले होते तेव्हा तुम्ही मला आत ओढत नेलंत. पिठाचे हात तसेच. "हे खोटं तुझ्या नावावर लागेल," तुम्ही म्हणालात. "नको असेल तर आत्ता नको म्हण. मी त्याला पेढ्यांसकट परत पाठवते." मी म्हणाले, "लावू द्या बाई." चौघींचा विचार माझ्या मनातही नव्हता. शेडमध्ये राहिलेल्या पोरीचं तोंड एवढं मोठं चौकात लागणार आणि गावचे लोक बाजाराला आले की मान वर करून बघणार, एवढंच मला दिसत होतं.

बैठकीत तुम्ही हे सांगू शकला असतात. नाही सांगितलंत. बाबांना मी म्हणाले, बोर्ड लावताना मला कुणी विचारलंच नाही. ते शेवटपर्यंत तुम्हाला शिव्या देत राहिले, आणि मी जवळ बसून ऐकत राहिले.