चष्म्याच्या डबीचा आवाज

मालवण, मंगळवार संध्याकाळ

पॉडकास्टसाठी आज फिलोमिना टीचरांना बोलावलं होतं. त्या मालवणीत कथा लिहितात. आता रेकॉर्डिंग ऐकतोय आणि लाज वाटतेय. उत्तर देण्याआधी त्या चष्म्याची डबी मिटतात. डबीचा टक् आवाज येतो आणि लगेच माझं भाषण! सभांची सवय, दुसरं काय?

निघताना म्हणाल्या, "माका कित्याक बोलयलंस रे? तुझा भाषण ऐकूक?"

मघाशी फोनवर माफी मागितली. उद्या मीच तुमच्या घरी येऊ का, विचारलं.

"ये. पण प्रश्न एकच घेवन ये."

एकच? चौदातले तेरा खोडले. त्यांची उत्तरं मी आधीच ठरवली होती. उरला तो हा: पहिली कथा कुणाला वाचून दाखवलीत?

उद्या डबी मिटली की मीही तोंड मिटणार. जमेल? जमलंच पाहिजे. हे उत्तर मला खरंच माहीत नाही.