‘देवघेव’च्या नव्या पानावरची मी

बारामती,
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

प्रिय पूर्वी,

रविवार, ११ जानेवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्या मिनिटाला तू बंगळुरात बसून एक बटण दाबलंस आणि ‘देवघेव’ची जुनी वेबसाइट जाऊन नवी आली. तक्रार लिहायची तर आधी तारीख, मग वेळ, मग गाऱ्हाणं, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर शिकवायच्या. फोनवर का नाही बोललीस, असं तू विचारशील. फोनवर तू ‘बघते गं’ म्हणतेस आणि बघत नाहीस. म्हणून हे कागदावर.

वेबसाइट देखणी झाली आहे, हे आधीच मान्य करते. जुनी म्हणजे लग्नाची पत्रिका होती, पिवळ्यावर लाल अक्षरं. आता इतकी पांढरी जागा आहे की पाहुणे निघून गेल्यावरच्या हॉलसारखं वाटतं. असो, ती तुमची आवड. खेड्यातल्या वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करायचं, फुकट द्यायचं आणि त्याची कूळकथाही, म्हणजे तुमचा तो सोर्स कोड, सगळ्यांना उघडी ठेवायची, यासाठी तुम्ही वीसेक मुलं नोकऱ्या सांभाळून रविवार खर्ची घालता, याचं मला कौतुकच आहे. पुस्तक कुणी नेलं, कधी आणायचं, हरवलं तर काय करायचं, हे सगळं तुम्हाला मीच सांगितलं होतं, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या झाल्या. तेव्हा उपऱ्यासारखी बोलते आहे असं समजू नकोस.

जुन्या पानावर उजवीकडे एक चौकट होती. ‘अडलात? मंदाकिनीताईंना फोन करा, सकाळी दहा ते बारा.’ खाली माझा नंबर. ती चौकट तूच घातली होतीस, बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी, मला न विचारता. मी किती भांडले होते. ग्रंथपाल बाईची टेलिफोन ऑपरेटर केलीस म्हणाले. तू म्हणालीस, महिनाभर बघ. ते महिना करता करता सहा वर्षं झाली. चाळीसेक गावांतून फोन यायचे. कळसच्या वाचनालयातल्या कुशाबाईंचं यंत्र आठवड्यातून दोनदा रुसायचं, आणि ते रुसलेलं नसलं तरी त्यांना सांगायचं बरंच असायचं. सणसरच्या वाचनालयाचे दत्तोबा दर सोमवारी दहाच्या ठोक्याला. मी पावणेदहाला केस विंचरून, चष्मा पुसून बसायची. फोनवर कुणी बघत नाही, हे मला कळत होतं.

नव्या मांडणीत ती चौकट नाही. तिच्या जागी एक फॉर्म आहे, तो भरला की अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मिळेल म्हणे. कुशाबाईंना फॉर्म भरता आला असता तर त्यांचं यंत्र रुसलंच नसतं. पण माझा राग त्या फॉर्मवर नाही. ‘यांचे आम्ही ऋणी आहोत’ असं एक नवं पान तू केलंस, त्यावर तो आहे. तिथे माझा फोटो, रंग काढून काळापांढरा केलेला. खाली ‘श्रीमती मंदाकिनी नारायण, २०१७–२०२६’. आणि ‘त्यांचे मार्गदर्शन सदैव स्मरणात राहील.’ त्याआधी तू एकदा म्हणाली होतीस, आई, आता आराम कर, लोकांचे फोन किती घ्यायचे; मला ते नुसतं बोलणं वाटलं. एकदा सरकारी नियमानं निवृत्त झाले होते, दुसऱ्यांदा तू केलंस.

आता माझी चूकही लिहिते, नाहीतर तू ती लिहिशील. तुमच्यात रीत आहे की कुठलाही बदल सात दिवस सगळ्यांसमोर ठेवायचा आणि हरकती मागवायच्या. तू ठेवला होतास. मी सगळी पानं तपासली, नेहमीसारखी लाल शाई घेऊन, त्रेचाळीस दुरुस्त्या पाठवल्या आणि शेवटी लिहिलं, ‘हरकत नाही.’ त्या पानावर मीसुद्धा एक दुरुस्ती केली आहे. वाक्यं बघितली, पण पान काय म्हणतंय ते बघितलं नाही. चौकट गेली हेही कळलं नाही.

कळलं ते फोन थांबल्यावर. दुसऱ्या सोमवारी दत्तोबांचाही नाही, तेव्हा वाटलं मोबाइल बिघडला. शेजारच्या द्वारकाबाईंना माझ्या नंबरावर फोन लावायला सांगितला. तो वाजला. आम्ही दोघी एकमेकींसमोर उभ्या राहून ‘हॅलो, ऐकू येतंय’ म्हणालो. तरी मी दुकानात नेऊन दाखवला. काही झालेलं नाही, म्हणाले. मग वेबसाइट उघडून बघितली, तेव्हा चौकट दिसली नाही. आपणहोऊन वाचनालयांतल्या लोकांना फोन करायचा माझा स्वभाव नाही, हे तुला ठाऊक आहे. गरज संपली असेल तर संपली.

गेल्या शनिवारी चारच्या सुमारास बेल वाजली. दार उघडलं तर दत्तोबा. धुवट पांढरे कपडे, हातात लांब पाकीट. सहा वर्षांत आवाजच ओळखीचा, माणूस पहिल्यांदा बघत होते. मला बघून ते पायरीवर खालीच बसले. “बाई, तुमी हाय व्हय?” म्हणाले. मी म्हटलं, दिसत नाही का? तर म्हणाले, “आवो, त्या पानावर फोटू बघितला तुमचा, खाली दोन सालं घातलेला. आमी तर सभा घेतली की. दोन मिन्टं उभं ऱ्हायलो. कुशाबाय आल्या व्हत्या कळसवरनं, लई रडल्या.” नंबर सगळ्यांकडे होता गं. गेलेल्या माणसाला फोन कसा लावायचा, म्हणून कुणी लावला नाही.

पाकिटात शोकप्रस्ताव होता, वाचनालयाच्या शिक्क्यासह. मी चहा टाकला आणि आम्ही तो वाचला. बरा लिहिलाय. माझा आवाज ‘कडक पण मायाळू’ होता असं त्यात आहे, ‘कडक’ मला मान्य आहे. दत्तोबांना काळजी एकच. “आता ह्येचं काय करायचं वो बाई? रजिस्टरात चढलाय ठराव.” मी सांगितलं, खोडू नका, तारीख तेवढी पुढे ढकला. ते हसले. मीही हसले, आणि माझा घसा इतका बसलेला निघाला की पाणी प्यावं लागलं. फोन थांबल्यापासून मी कुणाशी काय बोलले ते आठवून बघितलं. दूधवाला, द्वारकाबाई. तुझे दोन फोन आले होते, दोन्ही वेळा तू गाडी चालवत होतीस.

काल सोमवारी दहाला दत्तोबांचा फोन आला. काहीच अडलं नव्हतं. बाकीच्या गावांत मी अजून गेलेलीच आहे. तेव्हा ते पान काढ, चौकट जागेवर लाव, फोटो ठेवायचाच असेल तर रंगीत ठेव.

पण एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं, तुमच्या हरकतींच्या यादीत टाकलं असतं. प्रस्तावाच्या शेवटी आहे, ‘त्यांच्या पश्चात एक कन्या असा परिवार आहे.’ दत्तोबा मुळात मला नाही, तू इथेच असशील असं समजून तुला भेटायला आले होते. निघताना त्यांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, “लेकीचा पत्ता द्या बाई. आता न्हाय लागणार, पर असू द्या आमच्याकडं.” मी डायरी उघडली. दिवाळीनंतर तू घर बदललंस. नवं घर कुठल्या भागात आहे ते तू एकदा सांगितलं होतंस, मला नीट ऐकू आलं नव्हतं आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटला. मी त्यांना तुझ्या ऑफिसचा पत्ता दिला. हे पत्रही तिथेच पाठवते आहे, प्रस्ताव सोबत जोडला आहे, तो तुझ्या नावचा आहे. उत्तर मला लेखी हवं, पोस्टानं, तुझ्या अक्षरात. वरच्या कोपऱ्यात घराचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह. शनिवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच, आणि अजून असलेली,
आई