पेरमिलीचा उतार आणि माझी मालमत्ता

मी, श्रीमती गोकुळा मनसाराम नागापुरे, वय त्रेसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार बल्लारपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी जे लिहिले होते, ते जोडलेले नाही.

१. बल्लारपूरचे राहते घर मुलगा हेमराज यास द्यावे. अट एकच. त्या घरात कोणत्याही बाईला "या वयात कशाले?" असे विचारायचे नाही. मी सायकलने भामरागडला जाऊन तीन नद्यांचा संगम पाहणार, असे सांगितले तेव्हा त्याने हेच विचारले, आणि माझ्या सायकलला कुलूप लावून किल्ली खिशात घातली.

२. बँकेतली ठेव सून दामिनी हिला द्यावी. नवऱ्याच्या खिशातून ती किल्ली तिनेच काढून दिली. वर चिवड्याचा डबाही दिला.

३. दामिनीची आई सीता रामाजी मांढरे, म्हणजे माझ्या विहीणबाई. लग्नात यांनी भर मांडवात "सायकलवाली ईन भेटली मले" असे म्हटले होते; ईन म्हणजे विहीण. तो राग मी बरीच वर्षे नीट सांभाळला. आता तो वारसाने कोणालाही मिळणार नाही. कारण लिहून ठेवते.

माझा बेत ऐकून विहीणबाई म्हणाल्या, "तुमाले जमते तं मले काऊन नाई?" आणि आम्हा दोघींची नात रोशनी हिच्या सायकलवर शिकू लागल्या. तळ्याच्या पाळीवरून एकदा थेट पाण्यात गेल्या, पण शिकल्या. हिवाळ्यात आम्ही दोघी निघालो. आष्टीच्या पुलावर वैनगंगा ओलांडेपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. आलापल्लीच्या सागवानात माझी सायकल पंक्चर झाली तेव्हा त्या हसल्या. पुढच्या चढावर त्यांना सायकल ढकलावी लागली तेव्हा मी हसले. बोलणे असे सुरू झाले.

पेरमिलीच्या पुढे एका उतारावर माझे ब्रेक गेले. खाली वळण, वळणाला लागून खोल नाला, आणि विहीणबाई पुढे. मी ओरडले, "ईनबाई, बाजूले व्हा!"

त्या झाल्या नाहीत. नाल्याच्या कडेला सायकल आडवी लावून त्या ओरडल्या, "या, माह्या अंगावर या!"

मी गेले. त्यांचा पुढचा दात पडला, सायकलच्या चाकाची जिलबी झाली. मला खरचटलेसुद्धा नाही. मी रस्त्यातच बसून रडू लागले. तोंडाला पदर लावून त्या म्हणाल्या, "तुमी काऊन रडून राह्यल्या? दात तं माहा पडला."

इतक्यात आमच्या शोधात हेमराज जीप घेऊन पोचला. "बसा दोघी," एवढेच म्हणाला.

"जवाईबापू," विहीणबाई म्हणाल्या, "पह्यले ईनबाईच्या ब्रेकची तार बांधा. मंग माही सायकल जीपीत टाका. मी ईनबाईच्या मागं बसतो."

त्याने तार बांधली. आम्ही डबलसीट पुढे, जीप मागे, असे भामरागडला पोचलो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा जिथे एक होतात, तिथे मी सायकल उभी करून पाण्याला हात जोडले. विहीणबाई मात्र दात पडल्याचे विसरून तोंडभर हसत होत्या.

४. सबब माझी सायकल विहीणबाईंना द्यावी, असे मी लिहिले होते. पण सह्यांच्या वेळी वकीलसाहेब म्हणाले, "ज्यांना काही मिळणार, त्यांनी साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी."

विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "मंग सायकल खोडा. सही मीच करतो. ईनबाई उतारावरून येऊन राह्यल्या होत्या, तवा तुमी होते का तिथी?"

वकीलसाहेबांनी खोडले. सायकल रोशनीला द्यावी. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

लिहून ठेवणार : गोकुळा मनसाराम नागापुरे (सही)

साक्षीदार :
१. संघपाल रामटेके, शेजारी (सही)
२. सीता रामाजी मांढरे, विहीण (सही). सर्व समक्ष पाहिले.

स्थळ : बल्लारपूर
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५