आधी शिक्का

खैरबोडी, ता. सिंदेवाही
११ एप्रिल २०२५

प्रिय ललिता,

माझा गुडघा सोडला तर इथं सगळं जागच्या जागी आहे. जवाईबापूंची शुगर उतरली असेल असं धरून चालतो.

वाचनालयाच्या ग्रुपला खर्च किती आला, असं तू दिवाळीत विचारलं होतं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता हिशेब जमला आहे: तुझ्या निकेशनं टाकून दिलेला एक फोन, आपल्या गोल शिक्क्याचा एक फोटो, आणि इसरू नावाच्या माणसाचा डावा डोळा. त्याच्या जोडीदाराचं, पोचूचं, पुढं लिहितो.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू रडशील आणि मी हो म्हणून बसेन. गुलाब कंडक्टर दुपारच्या गाडीनं वडश्याला येतो, त्याच्या हाती देतो. परवा तू म्हणालीस, "भाऊ, तुमच्या शब्दाले ठाण्यात किंमत हाये. निकेश त्या दिवशी वाचनालयात पुस्तकं लावून राह्यला होता, एवढंच सांगा." तेव्हा मी पाहतो म्हणालो. पाहिलं. आता उत्तर देतो.

तुला ठाऊक आहे, मी सायकलवर रद्दी गोळा करणारा माणूस. शाळा चौथीत सुटली, पण रद्दी तोलायच्या आधी वाचायची, हा माझा नेम. भज्यांचा कागदसुद्धा मी तेल पुसून वाचतो. लिहिलेलं अक्षर न वाचता मी कधी पुढं सरकू दिलं नाही, हे चारचौघांत छाती ठोकून सांगत आलो. त्या रद्दीतूनच हे वाचनालय उभं राहिलं. मग जिल्ह्याच्या शिबिरात पोरांच्या रांगेत बसून फोन शिकलो: पुस्तकांची यादी नेटवर कशी चढवायची, फेसबुकचं पान कसं चालवायचं, आणि एखादा फोटो मुळात कुठला नि कधीचा ते कसं हुडकायचं. ह्या शेवटच्या विद्येनं मला मोठं केलं. पाच फण्यांचा नाग खोटा पाडला. आपल्या रस्त्यावरचा म्हणून फिरणारा वाघ भलत्याच राज्यातला निघाला. जे खरं ठरेल त्याच्याखाली वाचनालयाचा शिक्का लावायचा आणि ग्रुपवर सोडायचं. लोक म्हणू लागले, मुखरूभाऊचा शिक्का पडू द्या, मग बोलू.

शकुबाईचं तुला कळलंच आहे. पहाटे मोहफुलं वेचायला गेली, वाकलेली होती, वाघानं मानेलाच धरलं. शोधायला गेलेल्यांत निकेश सगळ्यांच्या पुढं. अर्धीच सापडली. तिचं डोकं त्यानं आपल्या दुपट्ट्यात बांधून आणलं, आणि घरच्यांनी हात पुढं केले तर गाठोडं सोडेना. तू वडश्याला गेलीस तेव्हापासून तो राहायला माझ्याकडे आणि जेवायला तिच्याकडे, हे तुला मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाबाहेर एक पिकअप दिसली. मागं पिंजरा, त्यावर ताडपत्री. आत सिरोंच्याकडची दोन माणसं, इसरू आणि पोचू, तेलुगू बोलणारी. कोणीतरी फोटो काढला आणि खाली लिहिलं, हेच वाघ सोडणारे, आज पुन्हा सोडून राह्यले. वडश्याच्या बाजारात कोणी हे मानणार नाही. इकडे माणूस मेला की दरवेळी हीच बोलणी: वाघ आला नाही, गाडीतून आणून सोडला.

आता आमची एक रीत सांगतो. नवं पुस्तक आलं की आधी शिक्का. एक पहिल्या पानावर, एक आतल्या ठरलेल्या पानावर, म्हणजे चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आपलंच राहतं. वाचन मग, सवडीनं. त्या दुपारी फोनवर नुसती रीघ लागली होती. शकुबाईचे फोटो, शोकसभा, मोर्चा. हात सवयीनं चालत होता. तो फोटो काळोखा होता, गडबड होती. मी शिक्का लावला आणि सोडून दिला.

थोड्या वेळानं बोडीच्या तळ्याकडून ओरडा ऐकू आला. मला वाटलं, लोक माकडं हाकलताहेत. मी पुढचा संदेश उघडला.

संध्याकाळी निकेश आला. हात धुतलेले होते, नखं तशीच. गावात काय झालं ते तोवर कळलं होतं, पण हा गर्दीत मागं कुठंतरी असेल असं मी मनाला सांगत होतो. तो म्हणाला,

"मामा, शिक्का पाहूनच निघालो आमी. तुमी लावला म्हणजे तपासूनच लावला असन ना?"

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. मी त्याला तुझ्याकडच्या गाडीत बसवलं.

सकाळी हवालदारानं बोलावून घेतलं. माझे कान त्याला माहीत, गावातला कुठलाही आवाज मी ओळखतो. म्हणाला, चेहरे दुपट्ट्यांनी बांधलेले आहेत, आवाज ओळखा. आणि व्हिडिओ लावला. ललिता, हे तू वाचायलाच पाहिजे. बोडीच्या पाळीवर गाडी अडवली. काच फोडली आणि तिच्याच धारेवर इसरूचं तोंड दाबलं. पोचूला केसांनी ओढून खाली पाडलं आणि बैलगाडीच्या उभारीच्या दांडक्यानं हाणलं, आधी पाय, मग बरगड्या. ओली फांदी मोडावी तसा आवाज येतो. तो "कोती, कोती" ओरडत होता. तेलुगूत माकडाला कोती म्हणतात. ते दोघं माकडं पकडणारे, पलीकडच्या गावच्या पंचायतीनं बोलावलेले. पोरं त्याची नक्कल करत होती, दर "कोती"ला एक फटका. ताडपत्रीखाली पकडलेली माकडं किंचाळत होती. माणसं त्या पिंजऱ्याला टेकून उभी, आणि वाघ असा ओरडत नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग एकानं घसा खाकरला. बोलण्याआधी, दारात आल्यावर, भात मागताना, तो असाच खाकरतो. खाकरल्यावर त्याचाच आवाज आला, "याले आत कोंडा. शकुबाई कशी फाटली ते कळू द्या याले."

दार उघडलं, पोचूला आत कोंबलं. चवताळलेल्या माकडांनी त्याचा कान तोडला, गाल फाडला, आणि बाहेरून गजांमधून उभारी चालूच होती. चंद्रपूरचा दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

हवालदाराला मी म्हणालो, ओळखू येत नाही. तो म्हणाला, आज तुमची तब्येत बरी दिसत नाही, पुन्हा या.

तिथून दवाखान्यात गेलो. मी कोण ते इसरूला सांगितलं, शिक्क्याचंही. उरलेला डोळा त्यानं माझ्यावर ठेवला. शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "पोचूची बायको मंगली. तिले कोण सांगितलं?" कोणीच सांगितलं नव्हतं. त्याचे हात पट्ट्यांत गुंडाळलेले, म्हणून फोन मी लावला आणि त्याच्या कानाशी धरून उभा राहिलो. पलीकडून जे ऐकू आलं ते तुला लिहीत नाही.

तर निकेश त्या दुपारी वाचनालयात नव्हता. वाचनालयात मी होतो. रविवारी सकाळी मी ठाण्यात जाणार. आधी माझं नाव सांगेन, मग त्याचं. त्याच्या आत तू त्याला घेऊन आलीस तर तिघं मिळून जाऊ. स्वतः हजर झालेल्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहतात म्हणतात. नाही आलीस तर मी एकटा. मला शिव्या घाल, राखी बंद कर. पण त्याला खाली सिरोंच्याकडे पळवू नको. तिकडं मंगली राहते.

रविवारनंतरही भाऊ म्हणशील तर तुझाच,
मुखरू

ता. क. वर फोटो काळोखा होता असं लिहिलं. तो भर उन्हातला होता. गाडीच्या दारावर वीतभर अक्षरांत रंगवलेलं होतं, 'माकडे पकडून मिळतील', आणि खाली फोन नंबर. मी ते वाचलं नव्हतं.