जाळी नसलेलं मशीन

संघपालदादा,

कारखान्यातला व्हिडिओ बाहेर टाकायचा नाही, हा नियम ऑफिसात बसून मीच लिहिला. तुझ्या व्हिडिओत चेहरा नव्हता. पाइपच्या मशीनचा संरक्षक जाळी नसलेला उघडा पट्टा दिसत होता आणि मागून आवाज होता, "देखा, आठे जाळीच नही शे. झुलालभाऊना हात गया."

"आवाज कोणाचा?" साहेबांनी विचारलं. आत्याच्या घरात लहानपणापासून ऐकलेला आवाज मी लगेच ओळखला. तुझं नाव सांगितलं. तू निलंबित झालास.

त्याच नियमात मी आणखी एक ओळ लिहिली होती. आधी केलेल्या लेखी तक्रारीची दखल घेतली गेली नसेल, तर कारवाई होणार नाही. तू चौकशीत म्हणालास, "तक्रार करेल होती." कोणाकडे, ते सांगितलं नाहीस.

झुलालभाऊंच्या अपघाताच्या नऊ दिवस आधी तुझा मेसेज माझ्याच मोबाइलवर आला होता, "मेघा, जाळी बसाडाले सांग साहेबले." मी उत्तर दिलं होतं, "ऑफिसचं ऑफिसात बोल, दादा."

दोन्ही मेसेज मी छापून घेतले आहेत. उद्या अकराला नरडाण्याच्या कारखान्यातच तुझी शेवटची सुनावणी आहे. ते कागद मी स्वतः साहेबांसमोर ठेवीन. हे पत्र मात्र तुला देणार नाही, कारण तू लगेच म्हणशील, "ऱ्हाऊ दे." 

तुझं नाव सांगायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं.

मेघा